बांधावरचा घास

मांडव आधी आला, बातमी मागून आली.

शनिवारी सकाळी भाताचा व्यापार करणाऱ्या जुमाकिरशेठचा छोटा ट्रक दारात थांबला. चार गड्यांनी निळं कापड, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माणसाएवढे दोन भोंगे अंगणात उतरवले. पाइकेम स्वयंपाकघरात मिरच्या वाटत होती. तिने दारातून डोकं बाहेर काढलं, एकेक वस्तू नीट पाहून घेतली आणि परत वाटायला बसली. नवरा गेल्यापासून थोरल्या मुलाने घरासमोर काय काय आणून टाकलं होतं, त्या मानाने खुर्च्या म्हणजे काहीच नव्हतं.

सुदार्मिन गुरुजी ट्रकच्या पुढच्या सीटवरून उतरला. शाळेत तो पाचवीला भूगोल शिकवी. गेले काही महिने मात्र साऱ्या गावालाच काहीतरी शिकवायची त्याला निकड वाटू लागली होती, कारण गावप्रमुखाची निवडणूक जवळ आली होती. चौकातल्या फलकावर काळी टोपी घालून तो दूर भविष्याकडे पाहताना दिसे. खरं तर तेव्हा तो फोटोग्राफरच्या कोंबड्यांकडे पाहत होता, असं त्याची बायको हेस्ती रागात असली की सांगायची.

“आई, एक आनंदाची बातमी आहे,” तो म्हणाला.

आमच्या घरात आनंदाची बातमी थोरल्याच्या तोंडून यायची असली, की बाकीचे आधी बसून घेतात. मधली लास्मी सुराबाया शहरातून चार दिवसांसाठी माहेरी आली होती. ती चहाचा पेला घेऊन पायरीवर टेकली. धाकटी तुमिनी मात्र उभीच राहिली. ती नुकतीच शेतावरून आली होती, आणि बसली तर भांडताना पुन्हा उठावं लागेल हे तिला माहीत होतं.

“तळ्याजवळचं भात मी जुमाकिरशेठना देऊन टाकलं. उभं. मंगळवारी त्यांचं यंत्र येईल, दुपारच्या आत शेत मोकळं. आपण हातसुद्धा लावायचा नाही.”

“आणि बाया?” तुमिनीने विचारलं.

“कोणत्या बाया?”

कोणत्या ते गुरुजीला चांगलं ठाऊक होतं. लावणीच्या वेळी शेजारची सामिनेम आणि तिच्या सोबतिणी कमरेत वाकून, मागे मागे सरकत अख्खं शेत लावून गेल्या होत्या. नंतर खुरपलंही त्यांनीच. मजुरी म्हणून कुणी काही घेतलं नव्हतं. रीतच तशी आहे. ज्या फुकट लावतात त्याच कापतात आणि कापलेल्यातला मोठा वाटा घरी नेतात. त्यांच्या घरी वर्षाचा भात शिजतो तो याच वाट्यावर. हा शब्द त्यांना तुमिनीने दिला होता. उभं पीक व्यापाऱ्याच्या यंत्राखाली गेलं, की त्यांची ती सगळी मेहनत चिखलात जाणार होती.

“दादा, मी शब्द दिलाय त्यांना.”

“तो तू दिलास. शेत आईचं आहे आणि व्यवहार मी बघतो.”

“मी रोज त्यांच्याबरोबर पाटावर धुणं धुते. त्यांना काय सांगू?”

“सांग, काळ बदललाय.”

“तूच सांग ना. भोंगे आणलेतच.”

“तुमिनी, तुझं हे नेहमीचंच,” लास्मी पायरीवरून म्हणाली. “यंत्राने वेळ वाचतो, नासाडी होत नाही. जगात सगळीकडे यंत्रच आहे.” लास्मीला जगाची फार काळजी होती असं नाही. तिच्या घराचं छप्पर गळत होतं, आणि पिकाचे पैसे एकरकमी आले तर तिसरा हिस्सा सुराबायाला नेता येईल, एवढाच तिचा हिशोब होता. “बरं दादा, दर काय ठरला?”

गुरुजीने घसा साफ केला. “दर म्हणजे, व्यवहाराकडे असं सुटं बघून चालत नाही. पलीकडची अख्खी वाडी शेठच्या शब्दाबाहेर नाही. ती सगळी मतं आपल्याला.”

“ते कळलं. दर?”

“बाजारापेक्षा थोडा कमी.”

“थोडा?”

“बराच. पण मांडव, खुर्च्या, भोंगे त्यांच्याकडून. सोमवारी कापणीआधीचं जेवण आपण असं घालायचं, की गावाने नाव काढावं. आपली संस्कृती आहे ती.”

लास्मीने चहाचा पेला खाली ठेवला. त्या एका क्षणात तिला बायांबद्दल जी कळकळ वाटली, ती गेल्या पंधरा वर्षांत कधी वाटली नव्हती.

“आई, तुझी हरकत नाही ना?” गुरुजीने आत वाकून विचारलं.

“हं,” पाइकेम म्हणाली.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं ‘हं’ म्हणजे ऐकू आलं, एवढंच. एरवी गुरुजीलाही हे कळत होतं, पण उमेदवार झालेल्या माणसाला प्रत्येक आवाज आपल्याच बाजूचा वाटतो. तो खूश होऊन भोंगे जोडायला गेला.

मागच्या अंगणात तुमिनी केळीची पानं पुसत होती. पुसत म्हणजे फाडतच होती. डोळे भरून आले होते आणि ते लास्मीला दिसू नयेत म्हणून ती पाठ करून बसली. दादाचा तिला राग येत होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. सामिनेम काही बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. ती नुसती आपला कपडे धुण्याचा दगड थोडा लांब सरकवेल, आणि मग बाकीच्याही सरकवतील.

“पुरे, पानं संपतील,” लास्मी म्हणाली. “आई, तू काही बोलत का नाहीस? शेत तुझ्या नावावर आहे. मांडवाच्या भाड्यात भात घालवलंय त्याने.”

पाइकेम पाटा धूत होती. “जेवण कुठे घालणार आहे तो?”

“अंगणात. मांडवात.”

“अंगणातलं जेवण म्हणजे वाढदिवस,” पाइकेम म्हणाली. “कापणीचं जेवण बांधावर असतं. भाताची देवी श्री, तिला पहिल्या लोंब्या, मग माणसांना भात. बांधावर ज्याने घास घेतला, त्याचा विळा त्या शेतातून परत पाठवता येत नाही. आणि मालक असो नाहीतर गिऱ्हाईक, घास घेतला की त्यालाही ते मान्य. तुझा बाप असताना कधी कुणी बोलून दाखवलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.”

“दादाला नाही ठाऊक?”

“होतं. पुस्तकात नाही म्हणून विसरला.”

तुमिनी वळली. “आणि जुमाकिर?”

“त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर तो कधी कुणाच्या बांधावर जेवत नाही. लग्नात तीनदा वाढून घेतो, बांधावर मात्र त्याचं पोट बिघडलेलं असतं.”

“मग दादाला सांग, जेवण बांधावरच घाल म्हणून.”

“मी सांगितलं तर तो अंगणातच घालेल,” पाइकेम म्हणाली आणि पाटा भिंतीला टेकवून ठेवला.

दोघी बहिणींचं गेल्या ईदेपासून धड बोलणं नव्हतं. कारण काय होतं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. आता त्या एकमेकींकडे बघून हसल्या. लास्मीने केस बांधले. “वहिनी कुठे आहे?”

हेस्तीवहिनी पुढच्या खोलीत आरशासमोर सोमवारचा पोशाख लावून बघत होती. नवरा गावप्रमुख झाला तर आपण महिला मंडळाच्या अध्यक्ष होणार, हे तिने मनातल्या मनात पक्कं केलं होतं. तिला नवऱ्याच्या बुद्धीवर फारसा भरवसा नव्हता, पण त्याच्या फोटोंवर होता. ते तीच काढून घेत असे.

“वहिनी, छान दिसतोय हो रंग,” लास्मी म्हणाली. “पण मी काय म्हणते, अंगणात फोटो कसे येतील? मागे आमची न्हाणी, तिच्यावर वाळत घातलेली आईची लुगडी.”

हेस्तीचा हात थांबला. “न्हाणी दिसेल?”

“पत्र्यासकट. आणि तिकडे शेतात पाहिलंत का, पिवळं धमक भात, मागे मेरापीचा डोंगर. दादा मध्ये उभा राहिला तर अगदी कॅलेंडर.”

“पण त्या खुर्च्या बांधावर कशा राहतील?”

“दोन-चार पडतील. पडणारा फोटोत नको.”

संध्याकाळपर्यंत जेवण बांधावर हलवण्याची कल्पना गुरुजीला स्वतःला सुचली होती. रात्रीच्या जेवणाला त्याने ती सगळ्यांना समजावून सांगितली. मातीशी नातं, वगैरे. तुमिनीने मान खाली घालून भात कालवला. मुळीच हसायचं नाही, असं आईने तिला बजावलं होतं.

सोमवारी अर्धं गाव आलं. मांडवाचा एक खांब पाटाच्या काठावर, एक बांधावर, त्यामुळे निळं कापड एका अंगाला कललं होतं आणि उमेदवारही त्या बाजूला थोडा कललेला दिसत होता. खुर्च्यांवर पुरुष बसले, बाया बांधाच्या कडेने उकिडव्या बसल्या. सामिनेम मागे बसली होती. उभ्या पिकाचा सौदा झाल्याची कुणकुण तिला लागली होती. तिने तुमिनीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पाइकेम एकटी शेतात शिरली. तळहातात मावणाऱ्या जुन्या सुरीने तिने चार लोंब्या कापल्या, पांढऱ्या दोऱ्याने जुडी बांधली आणि पुटपुटत कपाळाला लावली. गावच्या मशिदीचे मोदिनबाबा अरबीत प्रार्थना म्हणाले. देवी श्री आणि अल्ला दोघांचं समाधान झालं. मग गुरुजीने माइक हातात घेतला आणि आता कुणाचंही समाधान होणार नाही, हे स्पष्ट झालं.

तो बराच वेळ बोलला. भाताचा इतिहास, भूगोल, पुन्हा इतिहास. केळीच्या पानावर भाताचा पिवळा शंकू, भोवती भाजलेली कोंबडी, उकडलेली अंडी, सोयाबीनची चटणी. लोकांची नजर गुरुजीवर होती असं म्हणता येणार नाही.

जुमाकिरशेठ रस्त्याच्या कडेला, आपल्या मोटरसायकलला टेकून लवंगी सिगारेट ओढत होता. बांधापासून चांगला हातभर मागे. जेवण अंगणात आहे असं त्याला सांगितलं होतं. इथे आल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं, पण उमेदवाराचा मान ठेवायला उभं राहणं भाग होतं. आपण गिळलं नाही म्हणजे झालं, असा त्याने विचार केला.

“सगळ्यांनी जेवून जायचं!” गुरुजी भोंग्यावर ओरडला. “आज कुणी परकं नाही. या शेतावर सगळ्यांचा हक्क आहे!”

म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सामिनेमने हळूच पदर खोचला आणि पान पुढे केलं. तिच्या सोबतिणींनीही केलं. टाळ्या का वाजत नाहीत, हे गुरुजीला कळेना.

“आणि आता शंकूचा शेंडा आपल्या प्रमुख पाहुण्यांना. शेठ, या पुढे.”

“नको नको, गुरुजी. तुम्ही घ्या.”

“असं कसं?” हेस्ती शेंडा पानावर घेऊन निघालीच होती. फोटोग्राफर तिच्यापुढे उलटा चालत होता. “शेठ, तुमच्यामुळे तर हे सगळं. जरा इकडे बघा. हं, आता घास घ्या.”

“वहिनी, आज सोमवार. माझा उपवास असतो.”

आमच्याकडे पुष्कळ लोक सोमवारी-गुरुवारी उपवास धरतात. त्यामुळे हे उत्तर बिनतोड होतं. हेस्ती पान घेऊन मागे फिरणार, तुमिनीने डोळे मिटून घेतले, आणि तेवढ्यात पाइकेम शेतातून लोंब्यांची जुडी घेऊन वर आली. तिने शेठकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांतल्या सिगारेटकडे.

“मोदिनबाबा,” तिने विचारलं, “उपवासात धूर चालतो का हो?”

मोदिनबाबा मेरापीकडे पाहू लागले. त्या ज्वालामुखी डोंगरातून नेहमीप्रमाणे थोडा धूर निघत होता. “डोंगराला चालतो,” ते म्हणाले.

आधी एक म्हातारी हसली, मग सगळा बांध. जुमाकिरने सिगारेट टाकून पायाखाली चुरगाळली.

“मी म्हातारीने रांधलंय, शेठ,” पाइकेम अगदी मऊ आवाजात म्हणाली. “एक घास. नको असेल तर राहू दे. माझ्या हाताला चव नाही, असं समजेन.”

अर्ध्या गावासमोर म्हातारीचा घास परतवायची आमच्याकडे कुणाची छाती नाही, व्यापाऱ्याची तर नाहीच नाही. त्याला पुढच्या हंगामात याच दारांवर उभं राहायचं असतं. जुमाकिर बांधावर चढला. त्याने शेंड्याचा चिमूटभर भात तोंडात टाकला आणि औषधासारखा गिळला.

“वा!” गुरुजी भोंग्यावर म्हणाला. आता टाळ्या पडल्या, बायांच्या बाजूने जास्त. त्याला वाटलं, आपल्यासाठीच.

मंगळवारी यंत्र आलं, ते रस्त्यावरच थांबलं. शेतात बाया आधीच उतरल्या होत्या. सगळ्यांत पुढे तुमिनी, डोक्यावर टोपलीसारखी हॅट, हातात विळा. जेवायला आलेले पुष्कळ होते, विळा घेऊन आलेले थोडे. ज्यांनी लावणी केली होती त्या मात्र सगळ्या होत्या.

गुरुजी शाळेतून धावत आला. “हे काय चाललंय? शेत विकलंय! तुमिनी, बाहेर काढ सगळ्यांना.”

“तूच काढ,” तुमिनी म्हणाली. ती जागची हलली नाही. “काल हक्क तूच दिलास.”

“ते भाषण होतं!”

“गुरुजी,” सामिनेम म्हणाली, “आम्ही बांधावर जेवलो ते खोटं का? आमची पोटं तर भरली.”

गुरुजीने आधाराला शेठकडे पाहिलं. जुमाकिर यंत्राच्या सावलीत उभा होता आणि काल चिमूटभर भातात आपल्याला कुणी गाठलं, याचा विचार करत होता. पाइकेम बांधावर बसून सुपारी कातरत होती. तिने वर पाहिलंही नाही.

“काकू, तुमच्या हाताला चव आहे,” जुमाकिर शेवटी म्हणाला. मग ड्रायव्हरला हात केला. “परत फिरव. संध्याकाळी मी काटा घेऊन येतो. झोडलेलं भात वजनाने घेईन.”

“बाजारभावाने,” लास्मी म्हणाली. ती कुठून उगवली कोण जाणे.

“बाजारभावाने. आणि गुरुजी, मांडव आजच पाठवा. भोंगेसुद्धा. आमच्या वाडीत दुसऱ्या उमेदवाराची सभा आहे.”

यंत्राचा ट्रक वळला तसं गुरुजीचं तोंड उतरलं. यंत्र गेलं, वाडी गेली, आणि उरलेलं अर्धं गाव त्याच्याकडे टक लावून बघत उभं होतं. शाळेची इस्त्रीची पँट, काळे बूट. पाइकेमला पोराची दया आली. त्याचं हसं होताना बघणं तिला सोपं जात नव्हतं, आणि हे तिने स्वतःच घडवून आणलं होतं. ती उठली, आणि नवऱ्याचा जुना विळा त्याच्यापुढे धरला.

“मतं हवीत ना? मग वाक.”

हेस्तीने फोटोग्राफरला खूण केली. गुरुजीने बूट काढले, पँट दुमडली, पहिली मूठ कापून कॅमेऱ्याकडे पाहिलं. फोटो झाला. तो उठणार, तर मागून सामिनेमची ओळ सपासप येत होती. दोन्हीकडून बाया, पुढे भात. मधून निघायला वाट नव्हती. फोटोग्राफर जेवायला निघून गेला आणि उमेदवार कापत राहिला. दुपारी त्याच्या हाताला फोड आले. त्याने तक्रार केली नाही, कारण ऐकायला आजूबाजूला कुणी रिकामं नव्हतं.

संध्याकाळी झोडलेलं भात अंगणात आलं. तुमिनी ढिगाजवळ बसली. शेजारी दोन टोपल्या, एक मोठी, एक लहान. लावणी केलेल्या बाईला मोठी, नुसत्या कापणाऱ्याला लहान. सामिनेमची पाळी आली तेव्हा तुमिनीने मोठी टोपली शिगोशीग भरली आणि वर आणखी ओंजळभर ओतलं. सामिनेमने पोतं बांधून डोक्यावर घेतलं.

“उद्या लवकर ये पाटावर,” ती म्हणाली. “दगड धरून ठेवते तुझा.”

तुमिनीने मान हलवली आणि नाक बाहीला पुसलं.

रांगेत सगळ्यांत शेवटी गुरुजी उभा होता. घरात जायची वाट या रांगेतूनच होती, की तो खरंच उभा राहिला होता, ते कळत नव्हतं. केसांत भुसा, शर्टाची एक बाही फाटलेली. त्याच्या हातात रिकामं पोतं होतं, म्हणजे उभाच राहिला असावा. तुमिनीने सवयीने मोठी टोपली उचलली. काही झालं तरी दादा होता.

“लावणीला होतास का?” पाइकेमने ओटीवरून विचारलं.

अंगणातल्या बाया निघता निघता थांबल्या.

“नव्हतो,” गुरुजी म्हणाला.

“तुमिनी, लहान टोपली.”

तुमिनीने लहान टोपली भरून त्याच्या पोत्यात ओतली. तळाला जेमतेम दिसेल एवढं भात. गुरुजीने ते हाताने तोलून पाहिलं, पोत्याचं तोंड वळलं, आणि निघता निघता बहिणीजवळ थोडा वाकला.

“पुढची लावणी कधी आहे?” त्याने हळूच विचारलं.

हे त्याने मतांसाठी विचारलं की मोठ्या टोपलीसाठी, यावर आमच्या घरात अजून भांडण होतं. पण लावणीला तो आला होता.